जोडणी, वितरण आणि संमती : केडीई–क्यूटी परवानावादाचा (१९९६–२०००) एक अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाची आज्ञावली ही कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृती आहे. अमेरिकेत १९८० साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आज्ञावलीला स्पष्ट संरक्षण मिळाले. भारतात १९५७ च्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि ‘साहित्यकृती’ या संज्ञेच्या व्याख्येत आज्ञावलीचा अंतर्भाव करण्यात आला. कादंबरी, कोश आणि आज्ञावली ही तिन्ही अशा रीतीने एकाच सदराखाली आली. परंतु या वर्गीकरणात एक अडचण पहिल्यापासूनच दडलेली होती. कादंबरी वाचण्यासाठी दुसरी कादंबरी शेजारी उघडून ठेवावी लागत नाही. आज्ञावली मात्र सहसा एकटी चालत नाही. पडद्यावर एखादी चौकट उमटवायची असो, अक्षर दाखवायचे असो की फाइल उघडायची असो, तिला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञांच्या संग्रहावर विसंबावे लागते. अशा संग्रहाला लायब्ररी म्हणतात. आज्ञावली या संग्रहाशी सांधण्याच्या क्रियेला व्यवहारात लिंकिंग असे नाव आहे; येथे तिच्यासाठी ‘जोडणी’ हा शब्द योजला आहे.

जोडणी झाली की एका लेखकाची कृती दुसऱ्याच्या कृतीवाचून निरुपयोगी ठरते. दोघांनी आपापल्या कृतींना वेगवेगळे परवाने दिले असतील, तर त्या संयुक्त कृतीला कोणाच्या अटी लागू व्हाव्यात? दोन्ही परवान्यांच्या अटी एकाच वेळी पाळणे शक्य असेल तर ते परवाने परस्परांशी सुसंगत होत. शक्य नसेल तर विसंगत. व्याख्या सोपी आहे. परंतु या विसंगतीपायी परस्परांविषयी सद्भाव बाळगणारे आणि आपले श्रम मोफत देणारे शेकडो लोक चार वर्षे एकमेकांविरुद्ध उभे ठाकले, ही गोष्ट केवळ व्याख्येने उलगडत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे केडीई आणि क्यूटी यांच्या संबंधातून उद्भवलेला वाद होय. त्याचा आरंभ, मध्य व शेवट स्पष्ट दिसतो आणि त्यातील बहुतेक व्यवहार प्रकटपणे झाले आहेत. या वादावरून असे दिसून येते की, परवान्यांची सुसंगती हा यंत्राचा गुणधर्म नाही आणि दोन संस्थांमधील सलोख्याचाही तो प्रश्न नाही. प्रत्यक्ष वाटाघाटीत हजर नसलेल्या लेखकाच्या संमतीचा तो प्रश्न आहे.

२. जीपीएल परवान्याची रचना

वाद समजण्यासाठी ज्या परवान्याभोवती तो फिरला त्याची घडण पाहणे अवश्य आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी सिद्ध केलेल्या सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ साली आणि दुसरी जून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. हाच जीपीएल. पुढील सर्व विवेचन दुसऱ्या आवृत्तीला धरून आहे, कारण वादाच्या काळी तीच प्रचारात होती.

या परवान्याने आरंभीच एक भेद केला आहे. आज्ञावली चालवणे हे कृत्य त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवले. ज्याच्या हाती प्रत आहे त्याने ती कोणत्याही हेतूने, कोणत्याही अन्य आज्ञावलीबरोबर चालवावी. परवाना त्याला काही विचारीत नाही. अटी सुरू होतात त्या प्रत दुसऱ्याच्या हाती देण्याच्या क्षणी. देणाऱ्याने मूळ संहिता, म्हणजे मनुष्याला वाचता येईल असे आज्ञावलीचे रूप, उपलब्ध करून दिले पाहिजे. तिच्यापासून साधलेली संपूर्ण कृती त्याच परवान्याखाली दिली पाहिजे. घेणाऱ्यावर आपल्या पदरची कोणतीही अधिक बंधने लादता कामा नये. आणि या अटी व अन्य काही बंधने एकाच वेळी पाळणे जमत नसेल, तर वितरण मुळीच करू नये, असे कलम त्यात आहे. विसंगतीचा दोष तडजोडीने निम्मा करता येत नाही. तो असला की वितरणाचा अधिकारच संपतो.

येथे दोन अपवाद नोंदणे आवश्यक आहे. एकाच तबकडीवर किंवा एकाच संचात दोन स्वतंत्र कृती केवळ शेजारी ठेवल्या, तर त्या एक कृती होत नाहीत. एका पेटीत ठेवलेली दोन पुस्तके हे दोन खंडांचे एक पुस्तक नव्हे, तसेच हे. दुसरा अपवाद संगणकाच्या मूलभूत कार्यप्रणालीचा. तिच्याबरोबर सर्वसाधारणपणे येणाऱ्या प्रमुख घटकांची मूळ संहिता देण्याची गरज नाही; मात्र तो घटक आज्ञावलीच्या सोबतच वाटला जात असेल तर ही सूट मिळत नाही. हे शेवटचे उपवाक्य वरवर किरकोळ वाटते. पुढे वाद त्याच्यावरच येऊन अडला.

जून १९९१ मध्येच लायब्ररींसाठी एक वेगळा, सैल परवानाही काढण्यात आला. त्याखालील लायब्ररीशी कोणत्याही परवान्याची आज्ञावली जोडण्यास मुभा होती. हा एलजीपीएल होय. अशा वेगळ्या परवान्याची गरज भासली, यावरूनच जोडणीने दोन कृतींची एक कृती होते, असे परवानाकर्त्यांचे मत होते हे उघड आहे.

३. पूर्वपीठिका : रीडलाइनचे प्रकरण

या मताची पहिली मोठी कसोटी १९९२ मध्ये लागली. ब्रुनो हाइबल हे जर्मन गणितज्ञ क्लिस्प नावाची, लिस्प या संगणकीय भाषेची एक प्रणाली मोफत वाटीत असत. वापरणाऱ्याने टंकलिखित केलेली ओळ दुरुस्त करण्याची सोय तीत होती, आणि त्यासाठी त्यांनी रीडलाइन ही लायब्ररी वापरली होती. रीडलाइनला सैल परवाना नव्हता, तिला पूर्ण जीपीएल होता. क्लिस्पचा परवाना निराळा होता.

स्टॉलमन यांनी आक्षेप घेतला. हाइबल यांचे म्हणणे असे की, क्लिस्पमध्ये रीडलाइनची एकही ओळ उतरवलेली नाही. दोन्ही वेगवेगळ्या ठेवून जोडणी वापरणाऱ्यावर सोपवता येईल, किंवा रीडलाइनच्या जागी बसेल अशी एक पोकळ लायब्ररी देता येईल. स्टॉलमन यांचे उत्तर असे की, तुकडे वेगळे पाठवले तरी ते एकत्र येण्यासाठीच घडवले असतील, तर ती एकच कृती होय. पत्रव्यवहाराच्या अखेरीस हाइबल यांनी क्लिस्पच जीपीएलखाली आणण्याचे मान्य केले.

प्रकरण मिटले, तत्त्वाचा निर्णय मात्र झाला नाही. न्यायालयाचा कौल नव्हता. एका लेखकाने दुसऱ्याचे म्हणणे स्वीकारले, इतकेच. परंतु तेव्हापासून परवानाकर्त्यांचे वाचन हेच प्रमाण वाचन मानण्याची रीत पडली.

४. केडीईचा जन्म आणि क्यूटीची निवड

ऑक्टोबर १९९६ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठातील मॅथियस एट्रिख या विद्यार्थ्याने एका नव्या प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्स ही कार्यप्रणाली तोवर जाणकारांच्या वर्तुळात रुजली होती. परंतु सामान्य मनुष्याला तिच्यापुढे बसून काम करावे असे तिचे रूप नव्हते. प्रत्येक आज्ञावलीची खिडकी निराळी, कळी निराळ्या, रीत निराळी. हे सर्व एकरूप करणारे, नवशिक्यालाही वापरता येईल असे दर्शनी वातावरण उभारावे, हा एट्रिख यांचा हेतू होता. प्रकल्पाचे नाव केडीई ठेवण्यात आले.

खिडक्या आणि कळी आरंभापासून रचीत बसण्यापेक्षा तयार लायब्ररी घेणे शहाणपणाचे होते. एट्रिख यांनी नॉर्वेमधील ऑस्लो येथील ट्रोलटेक या छोट्या कंपनीची क्यूटी ही लायब्ररी निवडली. हावर्ड नोर्ड आणि आयरिक शाम्बे-एंग यांनी घडवलेली ही लायब्ररी १९९५ साली प्रथम प्रसिद्ध झाली होती. गुणवत्तेच्या दृष्टीने ती त्या वेळच्या पर्यायांत सरस होती. परवान्याची स्थिती अशी : व्यापारी आज्ञावली लिहिणाऱ्याने क्यूटी विकत घ्यावी, युनिक्सच्या कुळातील प्रणालींवर मुक्त आज्ञावली लिहिणाऱ्याला ती विनामूल्य मिळेल, पण तिच्यात फेरफार करून ती फेरफार केलेली प्रत वाटण्याची परवानगी कोणालाही नाही.

येथे भाषेने एक घोटाळा केला. विनामूल्य आणि बंधनमुक्त या दोन्ही अर्थांना इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे क्यूटीच्या या परवान्याला त्या शब्दाचे बिरुद लावणे सुकर झाले. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द वेगळे आहेत, आणि त्या भेदाने पाहता क्यूटी मोफत होती, मुक्त नव्हती. केडीईच्या लेखकांनी मात्र आपल्या आज्ञावलींना बहुतांशी जीपीएल दिला. परिणाम असा झाला की, जीपीएलची आज्ञावली फेरफाराला मज्जाव करणाऱ्या लायब्ररीशी जोडली गेली. संयुक्त कृती संपूर्णपणे जीपीएलखाली देणे शक्य नव्हते, कारण तिचा एक भाग त्या अटींवर देण्याचा अधिकार ट्रोलटेकखेरीज कोणाकडेही नव्हता.

वापरणाऱ्याला यातले काहीही जाचत नव्हते. त्याने दोन्ही मिळवाव्यात, आपल्या यंत्रावर जोडाव्यात आणि चालवाव्यात. अडचण होती ती वितरकाची. आणि कार्यप्रणालीच्या घटकांची जी सूट वर सांगितली ती त्याच्या उपयोगाची नव्हती, कारण तो क्यूटी आणि केडीई एकाच संचात देत असे. येथे एक विपरीत गोष्ट घडली. एखाद्या बंदिस्त प्रणालीच्या मालकाने क्यूटी आपल्या प्रणालीचा प्रमुख घटक म्हणून दिली असती, तर इतरांना त्या प्रणालीसाठी केडीई निर्वेधपणे वाटता आले असते. सारे एकत्र करून देणाऱ्या मुक्त वितरकालाच तेवढे ते जमत नव्हते.

५. फूट आणि डेबियनचा निर्णय

आक्षेप वाढू लागले तसे दोन वेगळे उपाय पुढे आले. काहींनी हार्मनी या नावाने क्यूटीसारखीच वागणारी पण मुक्त लायब्ररी लिहावयास घेतली. दुसरा उपाय अधिक दूरगामी ठरला. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकासा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम या प्रतिस्पर्धी प्रकल्पाची घोषणा केली. त्याच्या पायाशी जीटीके ही लायब्ररी होती. ती मूळ चित्रसंपादनाच्या जिंप या आज्ञावलीसाठी लिहिलेली असून तिला एलजीपीएल होता. लिनक्सच्या जगात आज दोन प्रमुख दर्शनी वातावरणे दिसतात, त्याचे मूळ रुचिभेदात किंवा तांत्रिक मतभेदात शोधण्यापूर्वी एका लायब्ररीच्या परवान्यात शोधले पाहिजे.

जून १९९८ मध्ये केडीई आणि ट्रोलटेक यांनी एक प्रतिष्ठान स्थापन केले. ट्रोलटेकने क्यूटीची मोफत आवृत्ती काढणे सोडून दिल्यास ती लायब्ररी अतिशय सैल परवान्याखाली खुली करण्याचा अधिकार त्या प्रतिष्ठानला देण्यात आला. केडीईची पहिली आवृत्ती त्यानंतर लगेचच, जुलै १९९८ मध्ये बाहेर पडली. करार प्रामाणिक होता आणि भविष्यातील भीतीचे त्याने निवारण केले. परंतु वर्तमानातील विसंगती होती तशीच राहिली.

ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियन या स्वयंसेवी वितरकसंस्थेने केडीईचे संच आपल्या भांडारातून काढून टाकले. डेबियनने १९९७ साली एक सामाजिक करार स्वीकारला होता आणि मुक्त आज्ञावली कशास म्हणावे याचे निकष त्यात घालून दिले होते. तथापि या निर्णयामागे क्यूटी मुक्त नाही एवढेच कारण नव्हते. केडीई वाटण्याचा कायदेशीर अधिकारच आपल्यापाशी नाही, असे संस्थेचे म्हणणे होते.

विरोधी पक्षाचा युक्तिवाद दुबळा नव्हता. सूझेसारखे वितरक केडीई वाटीतच राहिले. त्यांचे म्हणणे असे : ज्या लेखकाने स्वतः क्यूटीसाठी आज्ञावली लिहिली आणि स्वतःच तिला जीपीएल दिला, त्याने क्यूटीशी जोडण्याची संमती कृतीनेच दिली आहे. त्याला परवानाभंगाची तक्रार करण्यास जागा उरत नाही. केवळ लेखक आणि त्याची स्वतःची संहिता यांपुरते पाहिले तर हा युक्तिवाद बराच पटण्याजोगा आहे.

परंतु केडीईतील सर्वच संहिता केडीईच्या लेखकांची नव्हती. पोस्टस्क्रिप्ट दस्तऐवज पडद्यावर दाखवणारी केघोस्टव्ह्यू ही आज्ञावली घोस्टव्ह्यू या आधीच्या जीपीएल आज्ञावलीवर आधारलेली होती. घोस्टव्ह्यूच्या कर्त्याने आपले काम जीपीएलच्या अटींवर जगाला दिले तेव्हा क्यूटी अस्तित्वातही नव्हती. त्याने क्यूटीशी जोडण्याला मूक संमती दिली असे कोणत्या न्यायाने म्हणावे? त्याच्या परवान्याने फेरफाराची मुभा जरूर दिली होती, पण संपूर्ण साधित कृती त्याच अटींवर पुढे जाईल या भरवशावर दिली होती. केडीई आणि ट्रोलटेक यांच्यात कितीही सलोखा असला, तरी हा तिसरा मनुष्य त्या करारात पक्षकार नव्हता, आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाही नव्हता. वादाचे खरे मर्म येथे आहे. डेबियनने मागितले तेही हेच : क्यूटीचा परवाना बदला, किंवा ज्या ज्या लेखकाची संहिता घेतली आहे त्या प्रत्येकाकडून जोडणीची लेखी परवानगी आणा.

६. परवान्यात बदल आणि वादाची अखेर

नोव्हेंबर १९९८ मध्ये ट्रोलटेकने क्यूटीसाठी क्यूपीएल या नव्या परवान्याची घोषणा केली. १९९९ साली आलेली क्यूटीची दुसरी आवृत्ती त्याखाली प्रसिद्ध झाली. आता फेरफार करता येत होते. मात्र मूळ संहितेला हात न लावता ते वेगळ्या पुरवणीच्या रूपाने द्यावेत, अशी अट होती. शिवाय फेरफार आपल्या पुढील आवृत्तीत घेण्याचा अधिकार ट्रोलटेकने राखून ठेवला होता. क्यूटी आता निकषांनुसार मुक्त झाली. पण या दोन्ही गोष्टी जीपीएलच्या दृष्टीने अधिक बंधने होत्या. म्हणून विसंगती कायम राहिली.

वादाच्या अभ्यासकाला हा टप्पा विशेष बोधप्रद आहे. दोन परवाने स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकत्र नांदू शकत नाहीत, हे येथे प्रथमच इतक्या ठळकपणे सिद्ध झाले. ट्रोलटेकने दोन वर्षांपूर्वीच्या टीकेला उत्तर दिले होते. प्रश्न मात्र दरम्यान अधिक नेमका झाला होता.

सप्टेंबर २००० मध्ये ट्रोलटेकने क्यूटीच्या २.२ या आवृत्तीला युनिक्स-कुळासाठी जीपीएलही लागू केला, आणि जोडणीचा कायदेशीर अडथळा संपला. त्याच सुमारास स्टॉलमन यांनी असे मत मांडले की, परवानाभंगाने गमावलेला अधिकार आपोआप परत येत नाही. म्हणून ज्यांची जीपीएल संहिता पूर्वी वापरली त्या लेखकांकडून केडीईने झाल्या गोष्टीची माफी मिळवावी. आपल्या संस्थेच्या संहितेपुरती अशी माफी त्यांनी देऊन टाकली. केडीईच्या अनेक कार्यकर्त्यांना हे बोल झोंबले. चार वर्षे विनामोबदला राबलेल्या माणसांना माफीची भाषा कठोर वाटावी हे स्वाभाविक होते. तथापि अनुपस्थित लेखकाच्या संमतीचे तत्त्व एकदा स्वीकारले की, भूतकाळातील वितरणाचा हिशेबही त्यालाच द्यावा लागतो. स्टॉलमन यांच्या म्हणण्यात त्या तत्त्वाशी सुसंगती होती, मग तिचा सूर कोणास कसाही वाटो.

पुढे २००८ साली नोकिया कंपनीने ट्रोलटेक विकत घेतली आणि २००९ मध्ये क्यूटीची ४.५ ही आवृत्ती एलजीपीएलखालीही देण्यात आली. ज्या सैल परवान्याच्या आधारावर ग्नोम उभा राहिला होता, तेथेच क्यूटी बारा वर्षांनी येऊन पोहोचली.

७. ‘एक कृती’ कशास म्हणावे?

या सर्व प्रकरणात एक शब्द निर्णायक होता आणि त्याची सीमा कोठेही आखलेली नव्हती : साधित कृती. व्याकरणात सिद्ध आणि साधित हा भेद प्रत्ययाकडे बोट दाखवून करता येतो. आज्ञावलीत प्रत्यय कोणता?

भारतीय शाब्दबोधविचारात पदांचे वाक्य होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी हे तीन हेतू मानले आहेत. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. अर्थांचा परस्परविरोध नसणे ही योग्यता. पदे एकमेकांच्या निकट असणे हा संनिधी. ‘विस्तवाने शिंपतो’ यात आकांक्षा व संनिधी असूनही योग्यता नाही, म्हणून अन्वय लागत नाही. परवान्यांच्या वादाची मांडणी या त्रयीच्या आधारे केली असता पक्षभेद नेमका दिसतो.

परवाने परस्परांशी विसंगत असणे हा योग्यतेचा अभाव. त्याविषयी फारसे दुमत नव्हते. मतभेद होता तो योग्यतेचा प्रश्न मुळात केव्हा उपस्थित होतो याविषयी. हाइबल यांचा आरंभीचा पक्ष संनिधीवादी म्हणता येईल : दोन संहिता एका फाइलीत एकत्र आल्या तरच एक कृती. स्टॉलमन यांचा पक्ष आकांक्षावादी : एका आज्ञावलीची रचनाच दुसरीच्या अपेक्षेने झाली असेल, तर तुकडे दूर ठेवल्याने अन्वय तुटत नाही. गतिक जोडणीमुळे हा भेद अधिक तीव्र झाला, कारण तीत लायब्ररी वेगळी फाइल म्हणून राहते आणि आज्ञावली चालू होते त्या क्षणी स्मृतीत तिच्याशी सांधली जाते. म्हणजे संनिधी घडतो वापरणाऱ्याच्या यंत्रावर, आणि तेथे तर परवाना काहीच विचारीत नाही. आकांक्षा मात्र वितरकाच्या संचातच असते.

हा प्रश्न केवळ तर्कापुरता नाही. सन मायक्रोसिस्टम्सने २००५ साली ओपनसोलॅरिस प्रणालीबरोबर झेडएफएस या फाइलव्यवस्थेची संहिता सीडीडीएल परवान्याखाली खुली केली. लिनक्सचा गाभा जीपीएलखाली आहे आणि हे दोन परवाने विसंगत मानले जातात. २०१६ मध्ये कॅनॉनिकल कंपनीने उबुंटूच्या १६.०४ या आवृत्तीबरोबर झेडएफएसचा तयार घटक वाटला, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तो परवानाभंग ठरवला. कॅनॉनिकलने ते मान्य केले नाही. डेबियनने मधला मार्ग धरला : मूळ संहिता द्यावी आणि घटक वापरणाऱ्याच्या यंत्रावर घडवून घ्यावा. वरकरणी ही १९९२ मधील हाइबल यांचीच युक्ती दिसते. पण एक महत्त्वाचा फरक आहे. झेडएफएस लिनक्सच्या अपेक्षेने लिहिलेली नव्हती. सोलॅरिसवर ती आधीच पूर्ण होती. तिच्या मूळ संहितेला लिनक्सची आकांक्षा नव्हती, आणि म्हणून संनिधी वापरणाऱ्याकडे सोपवणे ही येथे निव्वळ पळवाट ठरत नाही.

८. देवनागरी अक्षरवळणांचे उदाहरण

जोडणीचा प्रश्न लायब्ररींपुरताच मर्यादित आहे असे मानण्याचे कारण नाही. देवनागरी मजकुराच्या संदर्भात तो निराळ्या रूपाने उभा राहिला. रेड हॅट कंपनीने प्रसिद्ध केलेले लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने पुरवले होते आणि त्यांना आरंभी जीपीएल होता. फाँट ही कायद्याच्या दृष्टीने आज्ञावलीच असते. ती दस्तऐवजात अंतर्भूत केली, तर तो दस्तऐवज तिची साधित कृती होतो काय? कोणी आपला मराठी प्रबंध लोहितमध्ये जुळवून वितरित केला, तर प्रबंधाला जीपीएल लागतो काय? असा अर्थ कोणाच्याही मनात नव्हता. पण परवान्याच्या शब्दांत तो नाही असे ठामपणे दाखवणे कठीण होते. यासाठी जीपीएलला वेगळा अपवाद जोडण्याचा सल्ला खुद्द परवानाकर्त्यांनाच द्यावा लागला. लोहितपुरता प्रश्न २०११ मध्ये संपला. त्या वर्षी ते फाँट एसआयएल संस्थेच्या मुक्त फाँट-परवान्याखाली आले. त्या परवान्यात फाँट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला परवान्याच्या अटी लागत नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे.

शुद्धलेखन तपासणाऱ्या हनस्पेल या आज्ञावलीने आणखी वेगळी वाट चोखाळली. तिला एकाच वेळी तीन परवाने देण्यात आले. ज्याला जो जुळेल त्याने तो घ्यावा. दस्तऐवज लिहिण्याच्या आणि संकेतस्थळे पाहण्याच्या अगदी भिन्न परवान्यांच्या आज्ञावलींमध्ये ती बसू शकली, याचे एक कारण या पूर्वयोजनेत आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, विसंगती वापरात उद्भवत नाही, वितरणात उद्भवते. एखादी जुळणी वर्षानुवर्षे यंत्रावर सुरळीत चालली, यावरून ती दुसऱ्यास देण्याचा अधिकार सिद्ध होत नाही. दुसरा असा की, ‘एक कृती’ची सीमा या प्रकरणांत न्यायालयाने आखून दिली नाही. परवान्याचे शब्द वाचून त्यांचा अर्थ लावणाऱ्या वितरकांनी आणि लेखकांनी ती व्यवहारात आखली, आणि जेथे वाचनाने भागेना तेथे नवा परवाना लिहिला. केडीईचा प्रश्न अर्थनिर्णयाने सुटला नाही. क्यूटीचा परवाना बदलला तेव्हा सुटला.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. परवाना हा अनुपस्थित लेखकाने मागे ठेवलेला शब्द आहे. त्याच्याशी नव्याने बोलणे बहुधा शक्य नसते. तो सापडत नाही, किंवा एकाच्या जागी शेकडो असतात. म्हणून उपस्थितांच्या सद्भावाने त्याच्या संमतीची उणीव भरून निघत नाही. १९९८ मध्ये डेबियनने एक उत्तम आणि लोकप्रिय संच आपल्या वाचकांपासून, म्हणजे वापरणाऱ्यांपासून, दूर ठेवला, तेव्हा त्याची किंमत जिवंत माणसांनी मोजली. परंतु जीपीएलखाली आपले काम देणारा पुढचा लेखक ज्या भरवशावर ते देतो, तो भरवसा त्या निर्णयाने राखला गेला. मराठीसाठी कोश, शब्दसंग्रह, उच्चारण-साधने आणि तपासणी-साधने जोडून नवी साधने घडवण्याचे काम विद्यापीठांत आणि विद्यापीठांबाहेर चालू आहे. त्यांतील प्रत्येक घटकाचा परवाना काम सुरू करतानाच वाचावा लागतो. वितरणाच्या दिवशी तो वाचला गेला, तर केडीईने चार वर्षे मोजलेली किंमत नव्याने मोजावी लागते.